नगरपरिषदेकडे कलेसाठी नेमकं काय मागायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचं गाव साठेक हजार वस्तीचं. गावात तीन हौशी नाट्यसंस्था, दोन भजनी मंडळं आणि तुमचा नृत्यवर्ग आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर नगरपरिषदेत नवे लोक आले, म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून सांस्कृतिक कार्यासाठी अनुदानाचा अर्ज दिला आणि ‘तरतूद नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. बोस्टनजवळ राहणारा तुमचा भाऊ सांगतो की तिथे गावोगावी कलेसाठी वेगळी समिती असते, ती दरवर्षी स्थानिक कलाकारांना पैसे देते. मग आपली नगरपरिषद असं काही करू शकते की नाही, असं तुम्ही विचारलंय.

करू शकते. मी ‘ब’ वर्ग नगरपरिषदेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा वर्षं नाट्यगृहाची व्यवस्था आणि सांस्कृतिक समितीचं टेबल माझ्याकडे होतं. ‘तरतूद नाही’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी अर्जांवर लिहिलंय. ते खोटं नसतं. अर्ज जुलैत येतो, अंदाजपत्रक फेब्रुवारीत मंजूर झालेलं असतं, आणि ज्या कामाला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाचं वेगळं खातं, नाही त्यावर लेखापाल एक रुपयाही टाकू शकत नाही. पण नगरपरिषदेकडे कलाकाराला देण्यासारखं जे सगळ्यांत मोलाचं असतं, त्याला तरतूद लागतच नाही. ते म्हणजे जागा, वेळ आणि तारीख. आधी ते मागा, पैशांचं नंतर बघू.

अधिकाराचं आधी सांगतो, कारण ‘हे आमचं कामच नाही’ हेही उत्तर तुम्हाला कधीतरी मिळेल. ७४ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशी १८ कामं तिच्यात आहेत आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हे त्यातलं तेरावं. आपल्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कामांचे दोन भाग आहेत, आवश्यक कर्तव्यं आणि स्वेच्छाधीन कामं. पाणी, गटार, दिवाबत्ती, सफाई आवश्यक भागात. नाटक-गाण्यासारख्या गोष्टी स्वेच्छाधीन. म्हणजे नगरपरिषदेनं केलं तर ते कायद्यात बसतं, नाही केलं तर कोणी जाब विचारत नाही. सगळी अडचण या एका शब्दात आहे. त्यामुळे इथे हक्कापेक्षा पाठपुरावा कामाला येतो. विषय समित्यांमध्ये शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य अशी समिती असते. तिच्या सभापतींना गाठा. ही समिती बहुतेक वेळा शाळांच्या दुरुस्त्या आणि क्रीडास्पर्धांतच अडकलेली असते. सांस्कृतिक कामासाठी कोणी येतच नाही, असं मला दोन सभापतींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

आता जागेबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आमच्या गावातली एक हौशी संस्था राज्य नाट्यस्पर्धेत उतरायची. पोरं दिवसा नोकऱ्या करणारी, कोणी मेडिकलच्या दुकानात, कोणी बँकेत. तालीम रात्री आठनंतर. कधी कोणाच्या गच्चीवर, कधी मंगल कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये, तेही मुहूर्त नसेल तेव्हाच. एकदा पावसानं गच्ची गेली आणि ती सगळी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, बाहेरच्या दिव्याखाली तालीम करत बसलेली मी पाहिली. आत सातशे खुर्च्यांचं नाट्यगृह कुलूप लावून रिकामं होतं. किल्ली माझ्या खिशात होती आणि मी ते उघडू शकत नव्हतो, कारण नियमात ‘प्रयोग’ होता, ‘तालीम’ हा शब्दच नव्हता.

त्यावरून आम्ही जे केलं ते तुम्हीही मागू शकता. नाट्यगृहाचा नाद सोडला. नगरपरिषदेच्या शाळा संध्याकाळी साडेपाचला रिकाम्या होतात. शाळा क्रमांक तीनचा मोठा वर्ग संध्याकाळी सात ते दहा तालमीसाठी द्यायचा, असा ठराव घेतला. सूचक एक नगरसेविका होत्या, अनुमोदक विरोधी बाजूचे. ठरावात पाचच गोष्टी होत्या: वेळ, दिवसाचं नाममात्र भाडं, अनामत, एका संस्थेला सलग किती दिवस, आणि नुकसान झालं तर जबाबदार कोण. ‘मोफत’ हा शब्द मुद्दाम टाळला. मोफत म्हटलं की लेखापरीक्षणात हमखास आक्षेप निघतो, की नगरपरिषदेच्या मालमत्तेचं उत्पन्न का बुडवलं. पंचवीस रुपये का होईना, पावती फाटली की वापर नियमित होतो आणि संस्थेच्या हातातही एक कागद राहतो.

किल्लीची एक काळी वही होती. कोणी किती वाजता नेली, किती बाकं हलवली, पंखे-दिवे बंद केले का, किल्ली परत कधी आली. पहिल्या महिन्यात मुख्याध्यापिकांची तक्रार आली की सकाळी बाकं उलटी लागलेली असतात. मग वर्गाच्या दाराला आतून बाकांचा नकाशा चिकटवला आणि तालीम संपली की त्याप्रमाणे मांडणी करूनच किल्ली द्यायची असं ठरलं. तक्रार थांबली. पुढे भजनी मंडळानं त्याच शाळेत एक लोखंडी कपाट मागितलं, पखवाज आणि पेटी ठेवायला, कारण पावसाळ्यात पखवाज घरी-देवळात नेण्या-आणण्यात शाई खराब होत होती. कपाट दिलं. माझ्या नोकरीत गावच्या कलेसाठी सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला खर्च मोजायला बसलो तर मी त्या कपाटाचं नाव घेईन.

नाट्यगृह असेल तर त्याचं गणित वेगळं. दिवसाला तीन सत्रं धरली तर आठवड्याची एकवीस होतात. शनिवार-रविवारची सहा सत्रं व्यावसायिक नाटकं, गाण्याचे कार्यक्रम आणि हिवाळ्यात शाळांची स्नेहसंमेलनं घेऊन जातात. उरलेल्या पंधरांतली बरीचशी रिकामी जातात आणि त्या रिकाम्या सत्रांत नगरपरिषदेला शून्य रुपये मिळतात. तेव्हा तुमची मागणी अशी ठेवा: सोमवार ते गुरुवार, स्थानिक नोंदणीकृत संस्थांसाठी वेगळा दर. त्यातही वातानुकूलन न घेता फक्त पंखे, आणि रंगीत तालमीसाठी त्याहून कमी दर. वातानुकूलन बंद असेल तर विजेचा मोठा खर्च वाचतो, हे लेखापालांना लगेच पटतं.

आणि तारीख. घेतलेली तारीख शेवटच्या आठवड्यात ‘शासकीय कार्यक्रम’ म्हणून काढून घेतली जाते, हे छोट्या गावातल्या कलाकाराचं फार जुनं दुखणं आहे. एका संस्थेनं तीन महिने तालीम करून, तिकिटं विकून ठेवलेली आणि प्रयोगाच्या चार दिवस आधी सभागृह एका मेळाव्यासाठी गेलं. पत्रावर सही माझी होती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर नियमावलीत एक कलम घालून घेतलं, की तारीख काढून घ्यायची वेळ आलीच तर किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं, भरलेलं भाडं पूर्ण परत आणि संस्थेच्या पसंतीची पुढची तारीख विनाभाडं. या कलमामुळे तारीख काढून घेणं जवळजवळ थांबलं, कारण तसं करायला आता कुणालातरी फाइलवर कारण लिहावं लागत होतं. तुमच्या नाट्यगृहाच्या नियमावलीत हे कलम आहे का, ते आधी पाहा.

नाट्यगृहं बांधली जातात आणि मग अंधारात पडतात, असं का होतं, हेही विचारतात लोक. बांधायचा पैसा वरून, राज्याच्या योजनांतून येतो, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान असेल, नगरोत्थान असेल. उद्घाटनाची पाटी लागते. पण दुसऱ्या दिवसापासून दिवे, पडदे, दोर, रंगपटातले नळ, जनित्राचं डिझेल, अग्निशमनाची तपासणी हे सगळं नगरपरिषदेच्या स्वनिधीतून. घरपट्टीची वसुली जेमतेम असलेल्या गावात तो खर्च दरवर्षी मागे ढकलला जातो. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलं, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या बातमीनंतर मी निवृत्त असूनही आमच्या नाट्यगृहात जाऊन वायरिंग पाहून आलो. तुमच्या गावात नवीन नाट्यगृहाची घोषणा झाली तर आनंद मानाच, पण त्याच सभेत देखभालीचं लेखाशीर्ष वेगळं उघडायला सांगा.

छोट्या गावाला हे झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी ठाण्याचं उदाहरण देतो. गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झालं आणि ठाण्याची महानगरपालिका झाली १९८२ मध्ये. म्हणजे रंगायतन उभं राहिलं ते नगरपालिकेच्या काळात.

आता पैशांकडे येतो. तुम्हाला अंदाजपत्रकात शिरायचं असेल तर जुलै-ऑगस्ट ही वेळ नव्हे. साधारण नोव्हेंबरात विभागांकडून मागण्या गोळा होतात, त्यानंतर स्थायी समिती, फेब्रुवारीत सर्वसाधारण सभा. तुमचं पत्र दिवाळी झाल्या झाल्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं गेलं पाहिजे, प्रत नगराध्यक्षांना आणि सभापतींना, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पत्रात ‘अनुदान मिळावे’ असं लिहू नका. खासगी संस्थेला थेट देणगी म्हटली की सगळे हात आखडता घेतात. ‘नगरपरिषदेमार्फत स्थानिक कलावंतांचा कार्यक्रम घेणे’ असं लिहा. म्हणजे कार्यक्रम नगरपरिषदेचा, कलावंत तुम्ही, आणि मिळतं ते मानधन. सुरुवातीला रक्कम लहान असली तरी चालेल. अगदी हजार रुपयांची नाममात्र तरतूद झाली तरी लेखाशीर्ष उघडलं जातं, आणि एकदा ते उघडलं की वर्षाच्या मध्ये दुसऱ्या शिर्षातली शिल्लक पुनर्विनियोजनानं तिथे वळवता येते. शीर्षच नसेल तर लाख शिल्लक असूनही उपयोग नाही.

कार्यक्रमाला निमित्तही असं निवडा की ज्याला नगरपरिषद नाही म्हणणार नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन कार्यालयांना साजरा करावाच लागतो. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन, १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं त्याची आठवण, हा मात्र बहुतेक नगरपरिषदांच्या लक्षातही नसतो. पत्र देऊन आठवण करा.

काही पैसा आधीच खर्च होत असतो, फक्त तो ‘कला’ या नावाखाली नसतो. स्वच्छ भारत अभियानात जनजागृतीसाठी पथनाट्यं होतात, स्वच्छ सर्वेक्षण आणि माझी वसुंधरा अभियानात भिंती रंगवल्या जातात. हे काम बहुतेकदा एखादा पुरवठादार एकगठ्ठा घेतो. तो परगावची मुलं आणतो, तीच ठरावीक चित्रं काढतो, वर्षभरात रंग उडतो. गावातले चित्रकला शिक्षक, शाहीर, भारूड करणारे यांना कोणी विचारत नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून आरोग्य विभागाकडे दरपत्रक दिलंत तर तुमचा विचार करावा लागेल. आमच्याकडच्या एका शाहिरानं ओला-सुका कचऱ्यावर रचलेलं कवन प्रभागाप्रभागांत इतकं ऐकलं गेलं की घंटागाडीच्या भोंग्यावर तेच लावलं. त्याला सत्तर मिनिटांच्या प्रयोगाचं मानधन मिळालं, हार-नारळावर बोळवण झाली नाही, याचं मला जास्त समाधान आहे. महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के रक्कम राखीव असते, त्यातून मुलींसाठी किंवा महिलांसाठी प्रशिक्षणवर्ग बसू शकतात. तुमचा नृत्यवर्ग त्या बाजूनं मांडून पाहा.

कार्यादेश, म्हणजे कामाचा लेखी आदेश, हातात आल्याशिवाय मात्र प्रयोग करू नका. ‘तुम्ही करा हो, बिल काढू’ हे प्रेमानं सांगितलं जातं, सांगणारा मनापासूनच सांगतो, पण तीन महिन्यांत त्याची बदली होते आणि तुमचं बिल टेबलाटेबलावर फिरतं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, बँक खातं संस्थेच्या नावावर असावं, दरवर्षीचा हिशेब तपासलेला असावा. या तीन कागदांअभावी चांगल्या संस्था मागे राहिलेल्या मी पाहिल्यात.

तमाशा आणि लोककलांचं मुद्दाम वेगळं सांगतो, कारण हौशी नाटकवाले आणि नगरपरिषद दोघंही ते विसरतात. आमच्या यात्रेला फड यायचा. मैदान नगरपरिषदेचं, भाडं वसूल व्हायचं, पावती फाडायची, संपलं. एका वर्षी संध्याकाळी पावती घेऊन मीच गेलो. कनातीमागे फडातल्या बाया तयार होत होत्या. पाण्याची एक टाकी, तीही अर्धी. शौचाला जायचं तर अंधार पडायची वाट पाहायची. रस्त्यापलीकडे नगरपरिषदेची शाळा, तिथली स्वच्छतागृहं कुलूपबंद. दुसऱ्या वर्षीपासून यात्रेचे चार दिवस ती स्वच्छतागृहं उघडी ठेवली, तिथपर्यंत दिव्यांची माळ ओढली, पाण्याचा टँकर कनातीपाशी लावला आणि एक महिला सफाई कर्मचारी नेमली. याला ठरावही लागला नाही, मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडी सूचनेवर झालं. गावात फड येत असेल, दशावतारी येत असतील, वासुदेव-गोंधळी मुक्कामाला असतील, तर सांस्कृतिक समितीनं पहिलं काम हे करावं, असं मला फार मनापासून वाटतं. ज्येष्ठ कलावंतांचंही तसंच. राज्याच्या राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत त्यांना महिना ५,००० रुपये मानधन मिळतं, पण फडात चाळीस वर्षं ढोलकी वाजवलेल्या माणसाकडे पुरावा कुठून असणार? जुन्या जत्रांच्या पावत्या, परवाने, कार्यक्रमपत्रिका नगरपरिषदेच्या दप्तरात पडून असतात. एखाद्या लिपिकानं चार दिवस घालून त्या शोधून दिल्या तर त्या माणसाचा अर्ज उभा राहतो. आम्ही दोघांचे असे उभे केले.

परवानग्यांचं थोडक्यात. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री दहापर्यंतच, वर्षातले मोजके जाहीर दिवस सोडून, म्हणून मैदानावरची मैफल साडेसहाला सुरू करा. पोलीस, अग्निशमन, वीज यांची कुठली परवानगी कुणाकडे आणि किती दिवस आधी, याचा एक पानी तक्ता नगरपरिषदेनं नाट्यगृहाबाहेर लावावा, ही मागणी जरूर करा.

तुमच्या भावानं सांगितलेलं खरं आहे. बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये ३५१ शहरं-गावं आहेत आणि त्यांच्यासाठी ३२९ स्थानिक सांस्कृतिक समित्या. पैसा मुख्यतः राज्याकडून येतो, पण कुणाला द्यायचा हे गावातले स्वयंसेवक सदस्य ठरवतात. सदस्य तीन-तीन वर्षांच्या सलग दोन मुदतींपुरताच राहतो, आणि गावच्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांना सदस्य होता येत नाही. आपल्याकडे राज्याकडून गावच्या समितीला असा थेट पैसा येत नाही, त्यामुळे ती व्यवस्था जशीच्या तशी आणता येणार नाही. पण तिथली एक गोष्ट फुकट आहे. अर्ज कधी घेणार आणि यंदा कशाला प्राधान्य देणार, हे आधी जाहीर करतात. आपल्या समितीनं एवढं केलं तरी वशिल्याची निम्मी कुजबुज थांबेल. शिवाय सभापतींना मदत म्हणून गावातल्या पाच जाणकारांचा एक अनौपचारिक सल्लागार गट करता येतो. आमच्याकडे त्यात एक निवृत्त संगीतशिक्षिका, एक बँडवाले, एक नाटकवाले, ग्रंथपाल आणि एक मूर्तिकार होते. त्यांना मतदानाचा अधिकार नव्हता, भत्ताही नव्हता, तरी पाचही जण दर महिन्याला यायचे. बँडवाल्यांना आधी कोणी अशा बैठकीला बोलावलंच नव्हतं. पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अर्धा तास आधीच येऊन बसले होते.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. सहाही संस्थांच्या सह्यांचं एक पत्र, विषय एकच: नगरपरिषद शाळेतला एक वर्ग संध्याकाळी तालमीसाठी मिळणे. सोबत ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या, वर सांगितलेल्या पाच गोष्टींसह. तयार मसुदा असेल तर तो विषयपत्रिकेवर लवकर येतो. जाण्याआधी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि बाकांचं काय करणार ते त्यांना सांगा, कारण सभेत पहिला आक्षेप तिथूनच येईल. अनुदानाचा अर्ज सध्या बाजूला ठेवा, तो दिवाळीनंतर काढू. तेव्हा मसुदा इथे टाका, मी पाहून देईन.